कॅम्पस इंटरव्ह्यू माझा, नोकरी दोघांना हवी. कधी सांगू?

माळढोक | 11 जानेवारी

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतेय, तोही गरजेपोटी.

मी मृदाशास्त्रातली. माळरानाच्या जमिनीतला कार्बन हा माझा विषय. अमेरिकेत पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम) करतेय, हे तिसरं वर्ष. नवरा इतिहासकार आहे. अठराव्या शतकातलं दख्खन, मोडी कागद, गावगाड्याचे हिशेब यांत तो रमतो. त्याची पीएचडी दीड वर्षापूर्वी झाली. गेल्या दोन हंगामांत आम्ही मिळून 91 अर्ज केले, त्यातले 53 त्याचे. आता मला मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठातून बोलावणं आलंय. टेन्युअर-ट्रॅक जागा, म्हणजे पुढे कायम होऊ शकणारी. पुढच्या आठवड्यात दोन दिवसांचा कॅम्पस इंटरव्ह्यू, म्हणजे त्यांच्याच विद्यापीठात जाऊन व्याख्यान आणि मुलाखती.

गाव लहान आहे. मोठं शहर अडीच तासांवर, आणि आसपास दुसरं विद्यापीठ नाही. त्याला प्राध्यापकी करायची तर याच विद्यापीठात. इतिहास विभागाची यंदा जाहिरातसुद्धा नाही.

दोघांनाही एकाच ठिकाणी प्राध्यापकी हवी, या अडचणीला इथे 'टू-बॉडी प्रॉब्लेम' म्हणतात. भौतिकशास्त्रातलं नाव उचललंय. ज्याच्यावर बेतलंय त्याला ते नाव फार हलकं वाटतं.

नवराही प्राध्यापकी शोधतोय हे मी कुणाला आणि कधी सांगावं? आधी सांगितलं तर माझीच जागा जाईल अशी भीती वाटते. नंतर सांगितलं तर लपवल्यासारखं होईल का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. आई रोज विचारते, "अगं, मग तो काय करणार तिथे?" सासूबाई विचारत नाहीत. पण त्याच्याशी फोनवर बोलताना त्यांचा आवाज खाली येतो, तो मला पलीकडच्या खोलीत कळतो.

---

घाटमाथा | 11 जानेवारी

आधी अभिनंदन. कॅम्पसवर बोलावलं म्हणजे ढीगभर अर्जांतून शेवटच्या तीन-चारांत तुमचं नाव आलंय.

मी आणि माझे यजमान एकोणीस वर्षं एकाच विद्यापीठात आहोत, वेगवेगळ्या विभागांत. तीन सर्च कमिट्यांवर (उमेदवार निवडणाऱ्या समित्यांवर) मी बसले, त्यातल्या एकीची अध्यक्ष होते. माझं स्पष्ट मत सांगते: इंटरव्ह्यूत हा विषय स्वतःहून काढू नका. कमिटीने घरच्यांबद्दल विचारू नये असं त्यांनाही बजावलेलं असतं. तरी रात्रीच्या जेवणाला कुणीतरी "घरच्यांना हे गाव आवडेल ना?" असं विचारतंच. "मला गाव आवडलं, इथे राहायची माझी तयारी आहे" एवढं सांगा. ते खरंही आहे.

ही नुसती भीती नाही. लॉरेन रिव्हेरा या समाजशास्त्रज्ञ बाईंनी एका मोठ्या संशोधन विद्यापीठातल्या निवड समित्यांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध केला. उमेदवार बाई असेल आणि तिचा नवरा प्राध्यापक किंवा मोठ्या हुद्द्यावर असेल, तर "तो काही हलायचा नाही, म्हणजे ही येणार नाही" असं समित्या परस्पर ठरवून टाकत. पुरुष उमेदवारांच्या बायकांचा विचार असा होत नव्हता, बायका येतीलच असं धरलेलं असायचं.

ऑफरचा फोन आला की मात्र एक दिवसही थांबू नका. तेव्हा त्यांनी तुम्हाला निवडलेलं असतं आणि तुम्ही नाही म्हणालात तर पुन्हा दुसऱ्या उमेदवाराच्या मागे जायचं त्यांच्या जिवावर येतं. चेअरना (विभागप्रमुखांना) सांगायचं, "माझा जोडीदारही संशोधक आहे, तुमच्याकडे अशा जोडप्यांसाठी काय व्यवस्था आहे?" हे लपवणं नव्हे. इथल्या रीतीप्रमाणे हीच त्याची वेळ आहे.

पुढे चक्र असं फिरतं: तुमचे चेअर तुमच्या डीनकडे, म्हणजे विद्यापीठातल्या तुमच्या कॉलेजच्या प्रमुखांकडे जातात. ते डीन दुसऱ्या कॉलेजच्या डीनशी बोलतात. तुमच्या बाबतीत कृषी आणि कला अशी दोन कॉलेजं आहेत, म्हणून एक पायरी जास्त. मग इतिहास विभागाकडे नवऱ्याचा सीव्ही जातो. त्यांना रस वाटला तर त्याला बोलावतात, तो व्याख्यान देतो, विभाग मतदान करतो. पैशांची नेहमीची वाटणी म्हणजे पगाराचा एक तृतीयांश तुमच्या बाजूने, एक तृतीयांश त्याच्या विभागाने आणि उरलेला प्रोव्होस्टच्या (विद्यापीठाच्या मुख्य शैक्षणिक अधिकाऱ्याच्या) कार्यालयाने उचलायचा, तोही साधारण तीन वर्षं. नंतर पूर्ण भार त्याच्या विभागावर येतो. इतिहास विभाग कचरेल तो इथेच. "आज यांना घेतलं तर उद्या आमची हक्काची जागा कापतील का?" हे त्यांचं खरं दुखणं असतं, तुमच्या नवऱ्याशी त्यांचं वैर नसतं.

म्हणून त्याची कागदपत्रं आजच तयार ठेवा. फोन आल्यावर लिहायला बसलात तर दोन आठवडे त्यातच जातील.

---

शाईपेन | 12 जानेवारी

वाचतेय. आमच्याकडची बाजू मांडते.

मी महाराष्ट्रातल्या एका अनुदानित कॉलेजात मराठी शिकवते. नवऱ्याकडे रसायनशास्त्रात सेट आणि पीएचडी दोन्ही आहे. नऊ वर्षं झाली, तो तासिका तत्त्वावर आहे, आज या कॉलेजात तर उद्या त्या. माझ्या जावेची गोष्ट वेगळी. ती जिल्हा परिषदेची शिक्षिका. तिथे बदल्यांत 'पती-पत्नी एकत्रीकरण' हा संवर्गच आहे. दोघांच्या शाळांत तीस किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर तिला अर्ज करता येतो. सीनियर कॉलेजच्या प्राध्यापकाला असं दार नाही. आमची नेमणूक संस्थेची, पद मंजूर झालेलं, आरक्षणाच्या बिंदुनामावलीत ठरलेलं. अनेक कॉलेजं असलेल्या मोठ्या संस्थेत दोघंही असाल तर अंतर्गत बदलीची आशा धरता येते, एवढंच.

एका संस्थेत आम्ही दोघांनी मुलाखत दिली होती. बाहेर आल्यावर एका गृहस्थांनी बाजूला घेऊन आकडा सांगितला आणि "दोघं आहात तर बघू काहीतरी" असंही वर म्हणाले. आम्ही घरी येईपर्यंत बसमध्ये एकमेकांशी बोललो नाही.

माळढोक, तुम्हाला निदान 'काय व्यवस्था आहे' असं विचारता येतंय. जरूर विचारा.

---

सोनचाफा | 12 जानेवारी

निवृत्त गणित शिक्षिका आहे. या विषयाचा जुना इतिहास सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मारिया गोपर्ट मायर 1930 साली गटिंगेनला डॉक्टरेट झाल्या आणि रसायनशास्त्रज्ञ नवऱ्याबरोबर बाल्टिमोरला आल्या. नवऱ्याला जॉन्स हॉपकिन्समध्ये नोकरी होती. एकाच घरातल्या दोघांना नेमायचं नाही, असे नियम त्या काळी अमेरिकी विद्यापीठांत सर्रास होते. हेतू वशिलेबाजी रोखण्याचा असेल, पण त्यात अडकायच्या बायकाच. हॉपकिन्स, कोलंबिया, मग 1946 पासून शिकागो विद्यापीठ, असं तीस वर्षं या बाईंनी बहुतेक काळ विनावेतन किंवा नाममात्र पैशांवर काम केलं. अणुकेंद्राच्या कवच-रचनेचं काम त्याच काळातलं. पूर्ण पगाराची प्राध्यापकी मिळाली ती 1960 साली, सॅन डिएगोला, आणि 1963 साली नोबेल.

गर्टी कोरींचंही तसंच. 1931 साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात नवरा विभागप्रमुख आणि त्या संशोधन सहायक, पगार कितीतरी कमी. काम मात्र दोघांचं एकत्र. त्या पूर्ण प्राध्यापक झाल्या 1947 मध्ये, ज्या वर्षी दोघांना नोबेल मिळालं त्याच वर्षी. असे नियम काढून टाका, असं अमेरिकी प्राध्यापकांच्या संघटनेने 1971 साली जाहीरपणे म्हटलं.

आपल्याकडे इरावती कर्वे आठवतात. यजमान दिनकर धोंडो फर्ग्युसनला. त्या बर्लिनच्या डॉक्टरेट. आधी मुंबईत एसएनडीटीच्या रजिस्ट्रार आणि 1939 पासून डेक्कन कॉलेजात. एक संस्था नव्हती, पण शहर एक झालं आणि मग त्यांचं केवढं काम उभं राहिलं! मंगला नारळीकरांचं 1966 साली लग्न झालं आणि पीएचडी 1981 साली. केंब्रिज, मुंबई, पुणे, जिथे यजमानांचं काम तिथे घर. मधल्या पंधरा वर्षांतही त्यांचं गणित सुटलं नाही याचं मला फार अप्रूप आहे. पण ती पंधरा वर्षं होती हेही मी विसरू शकत नाही.

---

दोन_घरं | 13 जानेवारी

नाव मुद्दाम असं घेतलंय. सात वर्षं आमची दोन घरं होती, चौदाशे किलोमीटर अंतर. दोघंही टेन्युअर-ट्रॅकवर, दोन वेगळ्या राज्यांत. लोक म्हणायचे, दोघांनाही नोकरी आहे, नशीबवान आहात. होतोच.

मुलगी झाली तेव्हा ती माझ्याकडे राहिली. नवरा दर दुसऱ्या शुक्रवारी रात्री यायचा आणि रविवारी दुपारी निघायचा. ती तीन वर्षांची असताना रविवारी सकाळीच त्याचे बूट लपवून ठेवायची. याच्यापुढे मला लिहवत नाही.

आम्ही काय चुकलो ते सांगते. पहिल्या ऑफरच्या वेळी मी विचारलंच नाही. वाटलं, आधी पाय रोवू, काम दाखवू, मग मागू. सही झाल्यावर चेअर मनापासून म्हणाले, "आधी सांगितलं असतंत तर काहीतरी करता आलं असतं." पुढे मागायला माझ्या हातात काही उरलं नव्हतं. शेवटी मला दुसरीकडून ऑफर आली तेव्हा माझ्या विद्यापीठाने मला राखण्यासाठी त्याला जागा दिली. म्हणजे निघून जायची तयारी दाखवल्यावर मिळालं. ती सात वर्षं कुणी परत देणार नाही.

माळढोक, विचारा. हात जोडून सांगते.

---

खडूफळा | 13 जानेवारी

मी वेगळं मत मांडतोय, राग मानू नये. मीही इतिहासातलाच. सहा वर्षं ॲडजंक्ट (तात्पुरता प्राध्यापक) म्हणून शिकवतोय. सत्राला चार कोर्स, दोन कॉलेजांत मिळून, आरोग्य विमा नाही. मी ज्या विभागात शिकवतो तिथे दोन वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाच्या बायकोला जाहिरात न देता टेन्युअर-ट्रॅकवर घेतलं. बाई हुशार आहेत, याबद्दल शंका नाही. पण मला त्या जागेसाठी अर्जसुद्धा करता आला नाही. एकट्या माणसाने, किंवा ज्याचा जोडीदार प्राध्यापक नाही त्याने, हे न्याय्य कसं मानायचं? लग्न ही पात्रता आहे का?

माळढोकबाईंच्या नवऱ्याबद्दल मनात काहीच नाही. 53 अर्ज म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

---

घाटमाथा | 14 जानेवारी

खडूफळा, राग कशाला येईल? तुमचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नाहीच.

एवढंच सांगते की अशा बहुतेक जागा आधी अस्तित्वात नसतात. प्रोव्होस्ट एका शास्त्रज्ञाला आणण्यासाठी पैसे काढतो, ते पैसे इतिहास विभागाला एरवी मिळाले नसते. पण "बहुतेक" म्हणतेय. हात आखडता असतो त्या वर्षी पुढची हक्काची जागा कापली गेल्याचं मीही पाहिलंय. तिथे तुमचं नुकसान खरं आहे.

दुसरी बाजू आकड्यांत आहे. स्टॅनफर्डच्या क्लेमन संस्थेने 2008 साली 13 आघाडीच्या विद्यापीठांतल्या सुमारे 9,000 प्राध्यापकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या 36 टक्क्यांचा जोडीदार शैक्षणिक क्षेत्रातलाच होता. बायकांत हे प्रमाण 40, पुरुषांत 34. जोडप्याने झालेल्या नेमणुका सत्तरच्या दशकात एकूण नेमणुकांच्या 3 टक्के होत्या, त्या 2000 नंतर 13 टक्क्यांवर गेल्या. जोडप्यांचा विचारच करायचा नाही असं ठरवलं तर सोनचाफा यांनी लिहिलेल्या काळात परत जाऊ, आणि तेव्हा घरी कोण बसलं ते आपल्याला माहीत आहे. मला वाटतं दोन अटी हव्यात: दुसऱ्या विभागाचं मतदान खरं असावं, तोंडदेखलं नव्हे, आणि पैसा वेगळा असावा.

---

माळढोक | 24 जानेवारी

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. दोन_घरं, तुमचा प्रतिसाद आम्ही दोघांनी एकत्र वाचला.

इंटरव्ह्यू झाला. व्याख्यान चांगलं झालं. प्रेअरीच्या (इथल्या गवताळ माळाच्या) मुळांचे फोटो दाखवताना त्यांच्याच एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी सोलापूरकडच्या माळांबद्दल प्रश्न विचारला, तेव्हा मी इंटरव्ह्यूला आलेय हेच विसरले. जेवणाच्या वेळी प्रश्न आलाच, "तुमच्या मिस्टरांना थंडी सोसेल का?" घाटमाथा यांचं वाक्य पाठ केलं होतं, तेच म्हटलं.

खडूफळा, तुमच्या प्रतिसादावर नवरा म्हणाला, "हे बरोबर आहे आणि मला तरीही ती जागा हवी आहे." यापेक्षा खरं उत्तर माझ्याकडे नाही.

---

राइनकाठ | 25 जानेवारी

जर्मनीतून. इथे विद्यापीठांत ड्युअल करिअर कार्यालयं असतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात आहे, शेजारी स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातही. पण ती बहुधा सल्ला देतात, ओळखी करून देतात, आसपासच्या कंपन्या आणि संस्थांकडे सीव्ही पाठवतात. जोडीदारासाठी प्राध्यापकपद निर्माण करणं विरळा. माझ्या बायकोला त्यांच्यामुळे संग्रहालयात काम मिळालं, ती समाधानी आहे. अमेरिकेशी तुलना करताना हा फरक लक्षात घ्या.

---

पाषाणरोड | 25 जानेवारी

भारतात परतण्याचा विचार असेल तर: जोडीदारासाठी वेगळी जागा काढणं इथल्या केंद्रीय विद्यापीठांत बसतच नाही. प्रत्येक पद मंजूर, जाहिरात सक्तीची, 2019 च्या कायद्याने आरक्षणासाठी संपूर्ण विद्यापीठ हे एकक. केंद्र सरकारचा पती-पत्नीला एकाच ठिकाणी नेमण्याबाबतचा 2009 चा आदेश लोक दाखवतात, पण तो बदली होणाऱ्या नोकरीसाठी उपयोगाचा. आपल्या पदाची बदलीच होत नाही.

आयआयटींची गोष्ट निराळी. त्यांच्या जाहिराती वर्षभर खुल्या असतात, त्यामुळे दोघं स्वतंत्रपणे अर्ज करू शकतात आणि दोघंही निवडले जाऊ शकतात. तशी जोडपी आहेत. काही संस्थांत "नवरा-बायको दोघं नकोत" असा अलिखित नियम वर्षानुवर्षं चालत आला. तो कुठे लिहिलेला नसल्यामुळे त्याच्याविरुद्ध दादही मागता येत नाही.

माझा सल्ला शहर बघण्याचा. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातच आयुका आणि एनसीआरए या संशोधन संस्था, तिथून थोड्या अंतरावर एनसीएल आणि आयसर. मृदाशास्त्राला आघारकर, इतिहासाला डेक्कन कॉलेज आणि भारत इतिहास संशोधक मंडळ. मोडी कागद तर तिथेच आहेत! अमेरिकेतही हाच हिशेब लागतो. नॉर्थ कॅरोलिनात ड्यूक, चॅपल हिल आणि एनसी स्टेट ही विद्यापीठं एकमेकांपासून गाडीने तासाभराच्या आत. मॅसॅच्युसेट्सच्या ॲम्हर्स्ट भागात पाच कॉलेजं एकमेकांना धरून आहेत. तुमच्या मिडवेस्टच्या गावात ती मुभा नाही, म्हणून सगळा भार एकाच विद्यापीठावर पडतोय.

---

माळढोक | 20 फेब्रुवारी

ऑफर आली. काल दुपारी चेअरचा फोन.

आनंद व्यक्त करून झाल्यावर मी ते वाक्य म्हटलं. माझा आवाज थरथरत होता. पलीकडे क्षणभर शांतता, मग ते म्हणाले, "बरं झालं आत्ता सांगितलंत. सीव्ही आजच पाठवा." दोन आठवड्यांची मुदत त्यांनी आपणहून चार केली. नवऱ्याचा सीव्ही, संशोधनाचं निवेदन, प्रबंधातलं एक प्रकरण आणि तीन कोर्सचे आराखडे सगळं तयार होतं. घाटमाथा, हे तुमच्यामुळे.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे त्याच्यासाठी तू शब्द टाकलास." मी नुसतं हो म्हटलं.

---

कागदोपत्री | 21 फेब्रुवारी

अभिनंदन! व्हिसाचं आत्ताच बघून ठेवा. मी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात काम करते, पण वकील नाही, तेव्हा पक्का सल्ला त्यांच्याकडूनच घ्या.

विद्यापीठांना एच-वन-बी या कामाच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा लागू नसते, म्हणून सोडतीची काळजी नाही. सप्टेंबर 2025 च्या आदेशाने नव्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क आलंय, ते प्रामुख्याने देशाबाहेर असलेल्यांसाठी. देशात राहून व्हिसाचा दर्जा बदलणाऱ्यांना ते नाही, असं नंतर स्पष्ट केलं गेलं. म्हणून नवऱ्याचा अर्ज इथूनच जाऊ द्या आणि निकाल येईपर्यंत भारतवारी टाळा.

दुसरी गोष्ट जोडप्यांच्या फार उशिरा लक्षात येते. शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या ग्रीन कार्डासाठी जो सोपा मार्ग आहे, त्याला जाहिरात देऊन झालेली खुली निवड लागते आणि निवडीपासून 18 महिन्यांत अर्ज करावा लागतो. तुमची निवड तशी झाली आहे. जाहिरात न देता नेमलेल्या नवऱ्याला तो मार्ग मिळणार नाही. त्यामुळे अर्ज तुमच्या नावाने पुढे न्या, तो तुमचा जोडीदार म्हणून त्यात येईल. भारतीयांची रांग लांबलचक आहे, पण विद्यापीठाने तुमच्यासाठी भरलेली आय-140 ही ग्रीन कार्डाची याचिका मंजूर झाली की गरज पडल्यास तो एच-४ वर (एच-वन-बीधारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर) राहूनही कामाची परवानगी मागू शकतो.

---

घाटमाथा | 21 फेब्रुवारी

कागदोपत्री यांचा प्रतिसाद जपून ठेवा, ही माहिती आम्हाला त्या वेळी कुणी दिली नव्हती.

आता त्याला जे काही देऊ करतील ते लेखी घ्या. पद कोणतं, टेन्युअर-ट्रॅक आहे की नाही, मुदत किती, तीन वर्षांनी पैसे कोण देणार, सत्राला किती कोर्स, संशोधनाला आणि प्रवासाला काय, विभागाच्या बैठकीत मत आहे का. "पुढे बघू" हे शब्द माणसं मनापासून उच्चारतात, पण डीन बदलतात आणि नव्या डीनला त्यातलं काहीच माहीत नसतं. आमच्या बाबतीत तसंच झालं. यजमानांची तीन वर्षं संपली तेव्हा शब्द देणारे दोघंही दुसरीकडे निघून गेले होते. सुदैवाने एक ई-मेल माझ्याकडे होतं.

आणि नवऱ्याला सांगा, व्याख्यान असं द्यायचं की जणू ती जागा जाहीर झालीय आणि समोर आणखी तीन उमेदवार आहेत.

---

माळढोक | 18 मार्च

त्याचं व्याख्यान झालं. इतिहास विभागातले अकरा जण आणि काही विद्यार्थी आले होते. त्याने एकच मोडी कागद पडद्यावर लावला, एका गावच्या दुष्काळी वर्षाचा हिशेब, आणि चाळीस मिनिटं त्या एका कागदावर बोलला. कुणाला सूट दिली, कुणाला नाही, कुणाचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत नाही. मी मागच्या रांगेत बसले होते. गेल्या दोन वर्षांत त्याला असं बोलताना पाहिलंच नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून अर्ज भरणारा माणूस हाच, हे मला क्षणभर पटेना.

नंतर विभागाच्या चेअरबाई त्याला म्हणाल्या, "दक्षिण आशिया शिकवणारं आमच्याकडे कुणीच नाही, हे मला आज फार जाणवलं." मतदान पुढच्या आठवड्यात.

---

खडूफळा | 18 मार्च

माळढोक, हे वाचून मनापासून बरं वाटलं. माझं मत बदललेलं नाही, पण असं व्याख्यान देणारा माणूस कुठल्याही विभागाला हवाच असायला पाहिजे. त्यांना माझ्या शुभेच्छा सांगा.

---

माळढोक | 9 एप्रिल

उशीर झाला, क्षमस्व. निकाल सांगते.

विभागाचं मत अनुकूल पडलं, पण डीनने टेन्युअर-ट्रॅक मान्य केलं नाही. तीन वर्षांसाठी व्हिजिटिंग असिस्टंट प्रोफेसर, म्हणजे मुदतीचं पद. पहिल्यांदा सत्राला तीन कोर्स सांगितले होते, आम्ही बोलून दोन करून घेतले. विमा आहे, प्रवासाला थोडे पैसे आहेत. दक्षिण आशियाच्या टेन्युअर-ट्रॅक जागेची मागणी विभाग दुसऱ्या वर्षी डीनकडे करेल, ती मंजूर झाली तर जाहिरात निघेल आणि तो अर्ज करू शकेल, हे पत्रात लिहून घेतलंय. हमी नाही. जाहिरात निघेल म्हटल्यावर तो म्हणाला, "मग खडूफळांनाही अर्ज करता येईल." त्याला ते आवडलं.

सही करायच्या आदल्या रात्री आम्ही दोघं खूप वेळ बोललो. इतके दिवस सगळे मला विचारत होते, त्याचं काय करणार. त्याला कुणी विचारलंच नव्हतं की तुला हे चालेल का. मीसुद्धा सरळ असं विचारलं नव्हतं. तो म्हणाला, तीन वर्षं मी मागे चालायला तयार आहे, पण ते आपण दोघांनी ठरवलंय असं असू दे, आपोआप झालंय असं नको. मग आम्ही कागदावर लिहिलं: 2029 च्या उन्हाळ्यापर्यंत त्याला इथे कायमची जागा नसेल, तर पुढचा शोध त्याच्या विषयाचा, त्याच्या जागांचा. मी मागून येईन आणि तेव्हा 'जोडीदारासाठी काय व्यवस्था आहे' हे तो विचारेल. दोघांनी सही केली. कागद पासपोर्टच्या पाकिटात ठेवलाय.

सासूबाईंना त्याने स्वतः फोन केला. काय शिकवणार ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "मोडी पण शिकवणार का रे?" शिकवणार आहे, पाच विद्यार्थी मिळाले तर.

---

दोन_घरं | 9 एप्रिल

डोळे भरून आले. एकच विचारते, दोघांचं रुजू होणं एकाच वेळी आहे ना? आमच्या ओळखीत नवऱ्याचं पत्र एक सत्र उशिरा निघालं आणि मधले पाच महिने पगार नव्हता.

---

माळढोक | 10 एप्रिल

हो. तुमचा प्रश्न वाचून दोन्ही पत्रं पुन्हा काढून पाहिली. दोन्हींवर 16 ऑगस्ट आहे.